फुटलेला चष्मा आणि विम्याचे गणित

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर क्रिकेट रंगात आले आहे, अशी कल्पना करा. सुरेशने जोरात फटका मारला. चेंडू सरळ विनयच्या चष्म्यावर आदळला. काच फुटली आणि तिचा एक बारीक तुकडा विनयच्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया करायला सांगितली.

आता हा खर्च कोणी करायचा? सुरेशच्या वडिलांनी? त्या वेळी मैदानावर नसलेल्या सरांनी? शाळेने? की विनयच्या घरच्यांनीच? पाहा, प्रत्येक जण नकळत एकच गोष्ट शोधू लागला : दोषी कोण? आणि तिकडे घाबरलेल्या सुरेशच्या मनात येते, 'चेंडू मी मारलाच नाही, असे सांगावे का?'

दोष सिद्ध करण्याची वाट

निष्काळजीपणामुळे इजा झाली, तर कायद्याने नुकसानभरपाई मागता येते. मात्र निष्काळजीपणा झाला होता, हे आधी सिद्ध करावे लागते. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती. तेथे १४ मुले बुडून मरण पावली. शिक्षकांच्या निष्काळजीपणाबद्दल शाळेने प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये द्यावेत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला तो ऑगस्ट २००१ मध्ये. म्हणजे सहा वर्षे गेली! शिवाय पुष्कळ अपघातांत कोणाचाच म्हणावा असा दोष नसतो. मग अशा मुलाला काहीच मिळू नये काय?

थेंबे थेंबे तळे

येथे विमा उपयोगी पडतो. समजा, एका शाळेत १००० विद्यार्थी आहेत. दर वर्षी सरासरी ४ जणांना मोठी दुखापत होते आणि प्रत्येकाच्या उपचाराला २५,००० रुपये लागतात. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) एकूण खर्च झाला १ लाख रुपये. तो हजार जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १०० रुपये येतात. एका घराला न झेपणारा भार हजार घरे सहज उचलतात. या १०० रुपयांना विम्याचा हप्ता म्हणतात.

पण तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "या वर्षी चारऐवजी सात अपघात झाले तर?" प्रश्न अगदी योग्य आहे. अशा वेळी अपघातांच्या सरासरी संख्येचे वर्गमूळ काढले की चढउताराचा साधारण अंदाज येतो. ४ चे वर्गमूळ २, म्हणजे सरासरीच्या निम्मे! एका शाळेचा निधी अशाने बुडायला वेळ लागणार नाही. आता १ लाख विद्यार्थी घ्या. सरासरी अपघात ४००, वर्गमूळ २०. चढउतार अवघा ५ टक्के. १ कोटी विद्यार्थी असतील, तर सरासरी ४०,००० आणि वर्गमूळ २००. चढउतार अर्धा टक्का! कोणाला इजा होईल हे कोणीही सांगू शकत नाही, पण किती जणांना होईल हे मात्र बरेच अचूक सांगता येते. स्विस गणिती याकोब बर्नुली याने या नियमाची सिद्धता दिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

या हिशेबाला एक अट आहे. एकाच्या अपघाताचा दुसऱ्याच्या अपघाताशी संबंध नसावा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागली आणि ९४ मुले दगावली. तेथे सर्वांवर एकाच वेळी, एकाच कारणाने संकट कोसळले. असे संकट टाळण्याचे काम पक्क्या छपराचे आणि मोकळ्या जिन्याचे आहे. ते विम्याकडून होणार नाही.

जर्मनीतील व्यवस्था

जर्मनीत कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्ये झाला. पश्चिम जर्मनीने १ एप्रिल १९७१ पासून हेच संरक्षण शाळकरी मुलांना दिले. त्याचा हप्ता पालकांना भरावा लागत नाही. खर्च सरकारी तिजोरीतून होतो. वर्गात, मैदानावर, सहलीत आणि शाळेच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर झालेली इजा या विम्यात येते. चूक त्या मुलाचीच असली, तरी उपचार होतात. कमावण्याची क्षमता दीर्घकाळ निदान २० टक्क्यांनी घटली, तर निवृत्तिवेतनही मिळते, आणि तेही अजून एक पैसा न कमावलेल्या मुलाला!

वस्तूंचे नुकसान मात्र यात येत नाही. फाटलेला सदरा किंवा मोडलेले घड्याळ यांची भरपाई मिळत नाही. पण अपघाताच्या वेळी डोळ्यांवर असलेला चष्मा फुटला, तर मिळते. कारण कायदा त्याला शरीराच्या इजेसारखेच मानतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शाळेतील अशा इजेबद्दल वर्गमित्रावर किंवा शिक्षकावर भरपाईचा दावा सहसा लावता येत नाही. मुद्दाम केलेल्या इजेला मात्र ही सवलत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना सुरू केली. सानुग्रह अनुदान म्हणजे हप्ता न घेता शासनाने आपल्या तिजोरीतून दिलेले साहाय्य. अपघाती मृत्यूनंतर पालकांना मिळणारी ७५,००० रुपयांची रक्कम २०२२ मध्ये दीड लाख करण्यात आली. कायमच्या अपंगत्वासाठीही साहाय्य ठरवले आहे. अर्ज शाळेमार्फत जातो. सध्याचे नियम आणि कागदपत्रे यांची माहिती आपल्या मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

तुम्ही काय कराल?

विनयच्या डोळ्याचे मोल कोणताही विमा देऊ शकणार नाही. म्हणून प्रयोगशाळेत संरक्षक चष्मा लावा, मैदानावरचा फुटका नळ किंवा उघडा खड्डा दिसला की लगेच सांगा. लहानशी इजाही लपवू नका. डोळ्याला किंवा डोक्याला मार लागला असेल, तर मुळीच नाही.

एक उपक्रमही करून पाहा. शिक्षकांच्या मदतीने वर्षभर शाळेतील अपघातांची वही ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि काय झाले एवढेच लिहा. नाव आणि दोष लिहू नका. वर्षाच्या शेवटी जागेनुसार स्तंभालेख काढा. सर्वांत उंच स्तंभ कोणत्या जागेचा आला, ते पाहा. दुरुस्तीला सुरुवात तेथूनच करायची!

मात्र ही वही खरी हवी. सुरेशने न भिता "चेंडू मीच मारला," असे सांगितले, तरच ती खरी होईल. दोषी शोधण्याची गरज जितकी कमी, तितके खरे सांगणे सोपे. आणि खरे कळले, तरच पुढचा अपघात टळतो.