दगड किती जुना? घोडबंदर, मंडपेश्वर आणि एकसरचे वीरगळ

मीरा रोडला जुन्या वास्तूंविषयी बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "घोडबंदरचा किल्ला नक्की कोणाचा?" त्याच्या पाठोपाठ दुसरा : "तो किती जुना आहे?" पहिला प्रश्न विचारताना आवाज थोडा चढतो, हेही आम्ही पाहिलं आहे. कारण तो प्रश्न दगडाचा राहत नाही, आपला होतो. म्हणून आज दुसऱ्यापासून सुरुवात करू.

किती जुना? या एका प्रश्नात निदान चार प्रश्न लपलेले आहेत. दगड किती जुना, तो कधी घडवला, भिंत कधी उभी राहिली आणि तिच्यात पुढे कोणी काय बदललं. वाद होतात ते बहुतेक वेळा एकाने पहिल्याचं आणि दुसऱ्याने चौथ्याचं उत्तर दिल्यामुळे.

दगडाचं वय भूवैज्ञानिक सांगतात. आपल्या पायाखालचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा किल्ल्याच्या वयाशी काडीचा संबंध नाही. तरीही "कार्बन डेटिंग करून टाका ना, म्हणजे मिटलं" असं सर्रास म्हटलं जातं. मंडळी, कार्बनची पद्धत चालते ती एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूवर : लाकूड, कोळसा, हाड, धान्य. बेसाल्ट कधीच जिवंत नव्हता. आणि असता, तरी ही पद्धत पन्नासेक हजार वर्षांपलीकडे पोचतच नाही.

मग काहीच हाती नाही का? आहे. चुना आहे. चुनखडी किंवा शिंपल्या भट्टीत भाजल्या की त्यांतला वायू निघून जातो. तो चुना भिजवून दोन दगडांच्या मध्ये भरला की सुकताना हवेतला कार्बन वायू परत शोषतो आणि घट्ट होतो. म्हणजे भिंत बांधली त्या काळची हवा त्या सांध्यात अडकून राहते. तिचं वय काढता येतं. पण भाजताना एखादी शिंपली अर्धी कच्ची राहिली तर वय उगाच जास्त दिसतं, आणि नंतर दर्जा भरताना नवा चुना घातलेला असेल तर कमी दिसतं. त्यामुळे नमुना कुठून घेतला, हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं ठरतं. भाजलेली वीट सापडली तर तिचं वय काढायची वेगळी पद्धत आहे : वीट शेवटची कधी तापली होती, ते त्यातून कळतं.

दुसरं साधन फुकटचं आहे, नुसते डोळे लागतात. सांधा बघायचा. दोन भिंती भेटतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेले आहेत, की एक भिंत दुसरीला नुसती टेकली आहे? टेकलेली भिंत नंतरची. कारण ज्याला टेकायचं ते आधी उभं असावं लागतं. यातून साल कळत नाही, पण क्रम कळतो, आणि अर्धे वाद क्रम कळल्यावरच संपतात.

याचं सर्वांत सोपं उदाहरण इथून लांब नाही. दहिसर ओलांडून बोरिवलीच्या हद्दीत गेलं की मंडपेश्वर लेणी लागतात. डोंगर कोरून केलेलं शिवाचं लेणं. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री तिथे आले, अंतोनियो दो पोर्तो हे त्यांतलं प्रसिद्ध नाव. त्यांनी लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ आणि विद्यालय बांधलं. ते अवशेष आजही वर उभे आहेत. 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे आली आणि हा सगळा मुलूख पालटला. आता सांगा, मंडपेश्वर कोणाचं? खाली कोरलेलं आहे, वर रचलेलं आहे. कोरलेलं आधीचं, याबद्दल कुणाचं दुमत होऊच शकत नाही.

वाद आहे तो कोरलेल्या भागाच्या शतकाबद्दल. लेण्यात शिलालेख नाही. जुन्या लेखकांनी ते आठव्या शतकापर्यंत, राष्ट्रकूटांच्या काळात ओढलं. घारापुरीचंही एकेकाळी तसंच होतं. पुढे घारापुरी सहाव्या शतकाच्या मध्यावर, कलचुरी राजा कृष्णराजाच्या आसपास आणली गेली. त्याला आधार शैलीचा होता, शिवाय बेटावर सापडलेल्या कृष्णराजाच्या नाण्यांचा. घारापुरी मागे गेली तशी जोगेश्वरी आणि मंडपेश्वरही मागे गेली, कारण ही तिन्ही लेणी एकमेकांच्या तुलनेने लावलेली होती. एक खांब हलला की छप्पर हलतं, तसं. आम्हाला सहावं शतकच पटतं, पण ही तारीख उसनी आहे, एवढं लक्षात असू द्या.

"लेख सापडला असता तर वादच नसता," असं कुणी म्हणेल. थांबा. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथे लेख आहे, त्यात शक वर्ष आकड्यांत कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ते वाचलं 782, म्हणजे इ. स. 860. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेच वाचलं 982, म्हणजे इ. स. 1060. एका झिजलेल्या आकड्याने दोनशे वर्षांचा फरक! लेखात शिलाहार राजा माम्वाणी याचं नाव आहे आणि त्याचा काळ इतर लेखांवरून ठाऊक आहे, म्हणून 982 टिकलं. आकडा एकटा होता तर अजून भांडत बसलो असतो.

याच मंदिराला लोक 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथ त्याच्या आधी दोनशे वर्षं उभं होतं! हेमाडपंती म्हणजे चुन्याशिवाय रचलेलं दगडी काम, इतकाच अर्थ आता धरावा. 'पांडवकालीन' शब्दाचंही तेच. ती तारीख नव्हे. 'आमच्या आजोबांच्या आजोबांनाही हे असंच दिसलं होतं' एवढं तो शब्द सांगतो, आणि तेवढं ऐकून घ्यायला हरकत नाही.

आता ज्यात खरोखर पेच आहे ते प्रकरण : बोरिवली पश्चिमेचं एकसर. तिथले सहा मोठे वीरगळ. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्यांचं एकेका पट्ट्याचं वर्णन आहे. वीरगळ खालून वर वाचायचा : खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. एकसरचं वेगळेपण म्हणजे त्यांतल्या काहींवर समुद्रातली लढाई आहे. डोलकाठ्या लावलेल्या नावा, ओळीने वल्ही मारणारे लोक. काहींवर जमिनीवरचं युद्ध आहे, त्यात हत्ती आहेत.

ही लढाई कुठली? एक मत : उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांची, 1265 च्या सुमाराची. हेमाद्रीने आपल्या धन्याची प्रशस्ती लिहिली आहे. सोमेश्वर महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातला वडवानल बरा म्हणून पाण्यात गेला, असं तो म्हणतो. हत्ती यादवांचे, नावा शिलाहारांच्या, चित्र जुळतं. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ही जोडणी मान्य केली. दुसरं मत या दगडांना अकराव्या शतकात नेतं. माळव्याच्या भोज परमाराने 1020 च्या आसपास कोकण जिंकलं, तो प्रसंग त्यांना लावतं. दोहोंत जवळपास अडीचशे वर्षं!

आमच्या मते दोन्ही मतांची एक सवय सारखीच आहे. ग्रंथात किंवा ताम्रपटात एक लढाई सापडते, दगडावर एक लढाई दिसते, आणि आपण दोघांचं लग्न लावून देतो. कोकणच्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांत दोनच लढाया झाल्या का? खाडीच्या तोंडावर चाचे होते, जकातीवरून मारामाऱ्या होत्या, त्यांची प्रशस्ती कोण लिहिणार? नाव कोरलेलं नसेल तर दगडाला दगडाशीच ताडून पाहावं : तारीख असलेल्या वीरगळांवरचे पोशाख, केशरचना, कलशाचा घाट, नावेची ठेवण. तोवर फलकावर 'अकरावं ते तेरावं शतक' लिहावं. 1265 हा आकडा जास्त ऐटदार दिसतो खरा.

आता घोडबंदर. तटबंदी पोर्तुगीजांची. 1672 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ठाणं घ्यायचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांनी घेतलं, आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेलं. मग कोणाचा? पाया एकाचा, ताबा तिघांचा. मराठ्यांनी जिंकला म्हणून त्यांनी बांधला असं होत नाही, आणि पोर्तुगीजांनी बांधला म्हणून मराठ्यांचा इतिहास तिथे कमी होत नाही. चुना दिसला की 'पोर्तुगीज' म्हणायचीही घाई नको. मराठेही चुन्यातच बांधत होते.

नावाचा पुरावा लोक नेहमी देतात : इथे अरबी घोडे उतरत, म्हणून घोडबंदर, म्हणून किल्ला फार जुना. 'बंदर' हा शब्द फारसीतून आलेला. घोड्यांचा व्यापार पोर्तुगीजांच्या आधीपासूनचा असू शकतो, पण त्यातून धक्क्याचं वय निघेल, तटाचं नाही. बंदर आणि किल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं इतकं चघळायचं कारण सांगतो. 1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक ठरायला निदान शंभर वर्षं ही अट आहे. आपल्याकडच्या या वास्तू ती अट केव्हाच ओलांडून बसल्या आहेत. त्यामुळे जास्त जुनं ठरवून संरक्षण जास्त मिळतं असं नाही. नुकसान होतं ते दुसरीकडून. हौसेने, भक्तीने, कधी सुशोभीकरण म्हणून सांध्यांत सिमेंट भरलं जातं, वीरगळाला तेलरंग फासला जातो. चुना खरवडला की नमुना गेला. रंगाखाली टाकीचे घाव आणि नावेची वल्ही बुजली की तुलना गेली. सांधा लिंपला की कोणती भिंत कोणाला टेकली आहे, तेही गेलं.

तेव्हा पुढच्या रविवारी कुणी घोडबंदरला जाणार असेल तर एक करा. कॅमेरा बुरुजाकडे लावण्याआधी कोपऱ्यांकडे लावा, जिथे भिंती भेटतात. जवळून, मोजपट्टी किंवा निदान एक पेन शेजारी धरून, आणि फोटोवर तारीख टाकून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.