रताळ्यावर खापर

जुलैच्या पावसात बेळगुंदीच्या शिवारात मातीचे वरंबे ओढून रताळ्याचे वेल लावतात. पुढं काढणी झाली की पोती भरून माल बेळगावच्या बाजारात जातो आणि तिथून परराज्यांत. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र रताळं शिजतं ते एकादशीला किंवा शिवरात्रीला. एरवी पोरानं मागितलं तर घरातली म्हातारी म्हणते, "नको रे, अंगानं सुटशील." आणि त्याच पोराच्या हातात चहाबरोबर बिस्किटाचा पुडा दिला जातो.

हा हिशेब उलटा आहे. 100 ग्रॅम उकडलेल्या रताळ्यातून साधारण 80 ते 100 कॅलरी मिळतात. तेवढ्याच बिस्किटांतून 450च्या आसपास. शिवाय रताळ्यात पाणी आणि चोथा भरपूर, त्यामुळं दोन खाल्ली की पोट भरतं. आतून नारिंगी असेल तर अ जीवनसत्त्वाचाही लाभ होतो. तेच रताळं तुपात परतून वर गूळ घातला की गोष्ट बदलते, कारण तेलातुपाच्या एकेका ग्रॅममागं 9 कॅलरी असतात. काढणीत कुदळ लागून तुटलेली, बाजारात न चालणारी रताळी घरी उरतातच. ती सकाळी उकडून पोरांच्या डब्यात द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

भातालाही असाच बोल लागतो. भात सोडायची गरज नाही. ताटातला ढीग निम्मा करून आमटी आणि पालेभाजी वाढवली तरी पुरे. तेलावर मात्र लक्ष हवं. माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो तेल पुरतं. आपला डबा किती दिवसांत रिकामा होतो, ते एकदा बघाच.

"आम्ही कुठं जाड आहोत?" असं म्हणणाऱ्यांनी शिंप्याची टेप घ्यावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80च्या पुढं गेली, तर हातपाय काटकुळे असले तरी मधुमेहाचा, रक्तदाबाचा धोका वाढतो. भारतीयांसाठी वजनाची मर्यादाही खालची आहे: उंची 160 सेंटिमीटर असेल, तर 59 किलोपासूनच वजन जास्त धरतात.

आता दुखण्यांकडं. रताळ्याच्या चिकानं बोटं काळी पडतात आणि तो डाग काही केल्या निघत नाही. म्हणून बरेच जण नुसतं पाणी मारून भाकरीला बसतात. डाग राहू दे, पण साबण लावून 20 सेकंद हात चोळायलाच हवेत. जुलाब-उलट्यांचं बरंचसं मूळ तिथंच असतं.

आणि जुलाब लागल्यावर पाणी तोडणं, ही तर जिवावर बेतणारी समजूत आहे. पोर दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यानं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोटघोट पाजावं, अंगावरचं दूध चालू ठेवावं. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर 14 दिवस सांगतात, त्या जुलाब थांबले तरी पुऱ्या कराव्यात. पोर मलूल झालं, लघवी होईना, तर थेट दवाखाना गाठावा.

पावसात भिजल्यानं सर्दी होते, हेही अर्धंच खरं. सर्दी विषाणूंची, झडीच्या दिवसांत दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत बसतात आणि एकाची सगळ्यांना होते. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, सुई मागूनही नाही. डेंग्यूचा डास तर गटारात नव्हे, आपल्याच घरच्या बॅरलमधल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा बॅरल उपसून, आतून घासून झाकावं.

लस टोचल्यावर पोराला ताप आला की "लस बाधली" म्हणून पुढचा डोस चुकवतात. तो ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो; शरीर रोगाची ओळख करून घेत असतं. लस किती कामाची, याची साक्ष बेळगावातच आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची. 1980 साली देवी जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. आज त्याच आवारात झाडांखालून माणसं पहाटे फिरायला जातात, कंबर आटोक्यात राहावी म्हणून.