चित्रमय इतिहासातील शब्दांचे कार्य

अमेरिकन लेखक-चित्रकार डॉन ब्राउन यांचे ‘फीवर इयर’ हे किशोर वाचकांसाठी रचलेले पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची हकिकत त्यात चित्रचौकटींतून सांगितली असून ‘तीन अंकी शोकांतिका’ अशा अर्थाचे उपशीर्षक तिला दिले आहे. साथीच्या प्रमुख लाटाही तीनच होत्या : १९१८ चा वसंत, त्याच वर्षीचा शरद आणि १९१९ चा प्रारंभ. चित्रमय असले तरी हे पुस्तक इतिहास आहे, कल्पित कथा नव्हे. म्हणून अशा ग्रंथात चित्राने काय सांगावे आणि शब्दाने काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही विचारार्ह वाटतो.

‘नाही’, ‘कदाचित’, ‘असावे’ अशा शब्दांनी भाषा नकार व संशय व्यक्त करते. चित्राजवळ अशी साधने नाहीत. मार्च १९१८ मध्ये कॅन्सस राज्यातील कॅम्प फन्स्टन या लष्करी छावणीत शेकडो सैनिक आजारी पडले. खाटांच्या रांगा रेखाटल्या की एवढे कळते. परंतु साथीचा उगम तेथेच झाला काय, हे अद्याप निश्चित नाही. ही अनिश्चितता चौकटीतील वाक्यालाच सांगावी लागते. ते वाक्य गाळले, तर ती छावणीच रोगाची जन्मभूमी म्हणून मुलाच्या मनावर ठसते.

नावाच्या बाबतीतही हेच घडते. त्या साथीला ‘स्पॅनिश’ हे विशेषण अन्यायाने चिकटले. स्पेन महायुद्धात तटस्थ होता. युद्धमान राष्ट्रांत साथीच्या वार्ता दडपल्या जात असता तेथील वृत्तपत्रे त्या मोकळेपणाने छापीत होती. मे १९१८ मध्ये राजा तेरावा आल्फॉन्सो आजारी पडल्याचेही त्यांतून जगाला कळले. जेथून बातमी आली, तेथूनच रोग आला, असा समज त्यामुळे रूढ झाला. स्पेनचा नकाशा काढून हा समज खोडता येत नाही. उलट तो दृढच होतो.

मराठी लोकांनी त्याच साथीला ‘मानमोडी’ म्हटले. या नावात देशाचा निर्देश नाही, रोग्याच्या यातनेचा आहे. रोगांना स्थळनामे देऊ नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. त्या साथीपुरते ते पथ्य मराठी लोकभाषेने आधीच पाळले होते.

सारांश, चित्रमय इतिहासात शब्द संख्येने थोडे असले, तरी निश्चित व अनिश्चित यांतील भेद राखण्याचे कार्य त्यांच्याकडेच राहते. बालवाचकाला तो भेद स्वतःहून करता येत नाही. म्हणून तेथे एका ‘कदाचित’चे मोल मोठे असते.