सूर्यावरचे फवारे

भर दुपारी बार्शीटाकळीच्या शिवारात पऱ्हाटी निंदणाऱ्याला सूर्याकडे मान वर करून पाहवत नाही. त्याचं अंतरंग उघडतं ते खग्रास ग्रहणात. बिंब झाकलं, की भोवतीचा पांढुरका किरीट दिसू लागतो. २२ जानेवारी १८९८ रोजी असं ग्रहण आपल्या वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या तळणीहून दिसलं. तिथे तळ दिलेल्या ब्रिटिश निरीक्षकांपैकी अ‍ॅनी माँडर या बाईंनी किरीटाचा एक फार लांब किरण छायाचित्रात टिपला.

या किरीटाचं कोडं मोठं आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा, तर त्याच्या वरचा किरीट दहा लाख अंशांच्याही पुढे! चुलीपासून दूर जावं आणि चटका वाढावा, असलाच हा प्रकार. मग ही उष्णता वर नेतं कोण?

संशय आहे तो चुंबकत्वावर. सूर्यावरच्या वायूचे अणू उष्णतेने फुटून विद्युत्भारित झालेले असतात. यालाच प्लाझ्मा म्हणतात. दोऱ्यात मणी ओवावेत, तसा तो चुंबकीय रेषांना धरून राहतो. खालून उकळी येते, रेषा ढकलल्या जातात. उलट दिशांच्या रेषा एकमेकींना भिडल्या, की तुटतात आणि नव्याने जुळतात. ताणलेली गलोल सुटावी तशी साठलेली शक्ती मोकळी होते आणि प्लाझ्माचा झोत वर उसळतो. यांतले लहान फवारे म्हणजे ‘स्पिक्यूल’. लहान म्हणायचे, पण उंची पाच ते दहा हजार किलोमीटर, आणि आयुष्य पाच-दहा मिनिटांचं!

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर वेधशाळेच्या वेधांत दिसलं, की उलट दिशेचं चुंबकत्व वर आलं, की काही मिनिटांतच असे फवारे उडतात आणि वरचा किरीट तापतो. पण साऱ्या किरीटाला तेवढी उष्णता पुरते का, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर पुण्याच्या ‘आयुका’ने घडवलेली दुर्बीण आहे, ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याचे फोटो घेते.

याचं आपल्याला काय, असं म्हणाल? याच तुटण्या-जुळण्यातून मोठे सौरस्फोट होतात. मग लघुलहरींवरचा रेडिओ एकाएकी मुका होतो, उपग्रहांना धोका पोचतो. तेव्हा रेडिओ अचानक गप्प झाला, तर यंत्राला दोष देण्याआधी सूर्याचीही खबर घ्यावी!