हिंगमचे जुने सभागृह

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हिंगम या गावी १६८१ साली बांधलेले लाकडी सभागृह अद्याप उभे आहे. प्यूरिटन पंथीयांचे त्या शतकातील एवढेच सभागृह तेथे शिल्लक उरले आहे. आपल्याकडील देऊळ व चावडी एका छपराखाली आणावी, तसाच हा प्रकार. प्रार्थना तेथेच, गावसभाही तेथेच! पन्नास घरांच्या गावाने लेखनवाचनासाठी शिक्षक नेमावा, असा त्या वसाहतीचा कायदा १६४७ सालचा. वेतन पालकांनी द्यावे की साऱ्या गावाने, हे ठरविणे गावाकडे असे. छपराच्या वाकड्या तुळया उलट्या ठेवलेल्या जहाजासारख्या दिसतात. मध्यंतरी त्या तक्तपोशीआड गेल्या होत्या. १९३० च्या जीर्णोद्धारात पुन्हा उघड्या झाल्या. आपल्या गावची चावडी कोणी व केव्हा बांधली, हे शिक्षकबंधूंनी मुलांकरवी वृद्धांना विचारून नोंदवावे.