बदलीचं गाव आणि मुलांची शाळा: काही पक्के गैरसमज

बदलीचा हुकूम येतो, घरून काम करायची मुभा मिळते किंवा मुंबईचं भाडं झेपेनासं होतं, आणि घरात प्रश्न निघतो: मुलांना घेऊन जायचं कुठे? नाशिक की सातारा, कोल्हापूर की रत्नागिरी? सल्ले द्यायला सगळे तयार असतात. त्या सल्ल्यांत गाव सरसकट चांगलं असतं नाहीतर सरसकट वाईट. मूल कितवीत आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. पहिलीतल्या मुलीला मानवलेलं गाव नववीतल्या तिच्या भावाला त्याच वर्षी अडचणीत टाकू शकतं. पुढचे समज तपासताना आपल्या मुलाची इयत्ता मनाशी धरूनच वाचावं.

“शाळा वर्षाच्या मध्यात मुलं घेत नाहीत”

पहिली ते आठवीपुरतं तरी हे खरं नाही. प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) पंधरावं कलम सांगतं. पाचव्या कलमात तर शाळा बदलण्याचीच सोय आहे. कारण कोणतंही असो, राज्यातल्या राज्यात जायचं असो की परराज्यात, मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. पालकांना हे माहीत नसतं, म्हणून ते एप्रिल-मेपर्यंत घरं दोन ठेवून, नवरा एका गावी आणि बायको-मुलं दुसऱ्या गावी, असे दिवस काढतात.

मेख वेगळीच आहे. पाचव्या कलमातला हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळा, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं त्यातून वगळली आहेत. म्हणजे मनात एखादी खासगी इंग्रजी शाळा पक्की केली असेल, तर घराचा इसार देण्याआधी त्या शाळेत त्या वर्गात जागा आहे का, हे विचारून घ्यायला हवं.

शाळा बदलण्याचा सर्वांत मोठा फटका खासगी शाळांत आरटीईच्या २५ टक्के जागांवर शिकणाऱ्या मुलांना बसतो. ‘इथे आरटीईतून लागला, तिथेही लागेल’ असं धरून चालणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. हे प्रवेश फक्त प्रवेशस्तरावर होतात, म्हणजे पहिलीत किंवा शाळेची सुरुवात त्याआधीच्या वर्गापासून होत असेल तर तिथे. तिसरीतल्या मुलाची ही जागा कुटुंबाबरोबर दुसऱ्या गावी जात नाही. या कोट्याबद्दल आणखी एक अफवा अजून फिरते आहे: जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीई लागू नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली होती खरी. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती रद्द केली.

“दहावीच्या आधी कधीही हलवलं तरी चालतं”

आठवीपर्यंत बऱ्याच अंशी चालतं. नववी मात्र उंबरठा आहे. सीबीएसई नववी-दहावी आणि अकरावी-बारावी असे दोन-दोन वर्षांचे सलग टप्पे धरते आणि नववीतच मुलाची मंडळाकडे नोंदणी होते. तिथून थेट दहावीत किंवा बारावीत नव्या शाळेत जायचं तर पालकांची बदली, कुटुंबाचं स्थलांतर अशा ठरावीक कारणांसाठी मंडळाची परवानगी लागते. राज्य मंडळातून सीबीएसईत दहावीसाठी उडी मारण्याचा बेत तर सोडूनच द्यावा.

परराज्यातून परतणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. बेंगळुरू-हैदराबादची नोकरी सोडून पुण्या-नाशकाकडे येणाऱ्या मराठी घरांत मुलं बहुधा मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत. ‘सीबीएसईची शाळा बघू, मराठी टळेल’ हा तोडगा आता उपयोगाचा नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे. सहावीत येणाऱ्या मुलाला एका सुट्टीत जोडाक्षरांपर्यंत आणता येतं, घरात कुणी रोज अर्धा तास बसलं तर. आठवीनंतर हे काम बरंच जड जातं.

पुढे वैद्यकीयकडे जायचं असेल तर याहून मोठा हिशेब आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्याच्या जागांसाठी साधारण नियम असा की मुलाची दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवासाचा दाखला असावा. बदलीच्या सरकारी नोकऱ्यांतल्यांची मुलं, सीमाभागातल्या ८६५ गावांतले विद्यार्थी यांच्यासाठी सवलती आहेत, पण त्या कागदांनी सिद्ध कराव्या लागतात. ‘दहावी तिकडेच होऊ दे, मग येऊ’ हा वरवर शहाणपणाचा वाटणारा निर्णय मुलीच्या डॉक्टरकीला आडवा येऊ शकतो. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

“अकरावीसाठी लातूर गाठलं की काम झालं”

लातूर पॅटर्न ही दंतकथा नाही. सराव परीक्षांचा मारा, नियमित तास आणि अभ्यासाला वाहिलेलं अख्खं गाव, ही त्यातली खरी ताकद. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांची नावं बारावीच्या गुणवत्ता यादीच्या काळापासून घराघरांत पोचली. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आईला मुलाबरोबर भाड्याच्या खोलीत पाठवणारी घरं आजही आहेत.

पण दोन गोष्टी विसरल्या जातात. नावाजलेल्या महाविद्यालयांत दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो, म्हणजे तिथे पोचणारं मूल आधीच निवडलेलं असतं. त्यांच्या निकालात शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे जाहिरातीच्या फलकावर कधी लिहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे विभाग बदलून मिळणारा जुना फायदा-तोटा आता उरलेला नाही. वैद्यकीय प्रवेशात पूर्वी ७०:३० हे प्रादेशिक आरक्षण होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून ७० टक्के जागा त्या भागातल्या मुलांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ते रद्द केलं. तरीही बारावी कुठून केली तर जागा सोपी जाते, याचे आराखडे मांडणारे काका प्रत्येक लग्नात भेटतातच.

आणखी एक बदल नीट पोचलेला नाही. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतेच होते. २०२५-२६ पासून ते राज्यभर झाले. ‘लहान गावात जाऊन प्राचार्यांना भेटलं की अकरावीचं काम होतं’ हा भरवसा त्यामुळे पूर्वीसारखा ठेवता येत नाही.

“लहान गावाची हवा स्वच्छ असते, मुलांचा दमा तरी जाईल”

दमेकरी मुलांचे पालक याच एका कारणासाठी शहर सोडतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं सातत्याने न पाळणाऱ्या शहरांची त्यासाठी जी यादी झाली, तिच्यात महाराष्ट्राची शहरं सर्व राज्यांत अधिक आहेत. मुंबई-पुणे तर त्यात आहेतच. सोबत कोल्हापूर, सांगली, लातूर, जालना, जळगाव, अकोला, बदलापूर आणि चंद्रपूरही आहेत. चंद्रपूरला औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी, जालन्याला पोलादाचे कारखाने, इतर बऱ्याच ठिकाणी रस्त्यांची धूळ आणि उघड्यावर जळणारा कचरा. साखरपट्ट्यात उसाचा पाला जाळण्याचे दिवस येतात, तेव्हा धूर दारात असतो.

यादीत नाव नसलं म्हणजे हवा चांगली असंही नाही. अनेक तालुक्यांच्या गावांत हवा मोजणारं केंद्रच नाही. मोबाइलवर आकडा दिसत नाही, तेव्हा तो कमी आहे असं लोक मनानेच ठरवून टाकतात. गावातल्या बालरोगतज्ज्ञांना ‘दम्याची मुलं कोणत्या महिन्यात जास्त येतात?’ एवढं विचारलं तर ॲपपेक्षा उपयोगी उत्तर मिळेल. कोणत्याच महिन्यात येत नाहीत असं सांगणारे डॉक्टर मी तरी पाहिलेले नाहीत.

“पाऊस भरपूर, म्हणजे पाण्याची चिंता नाही”

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. जांभ्याची जमीन, तीव्र उतार आणि साठवणीची वानवा, यामुळे पडलेलं पाणी समुद्राला मिळतं. उलट्या टोकाला लातूर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते याच शहराला. शिकवणीसाठी आलेली मुलं तेव्हा बादलीभर पाण्यात दिवस काढत होती. छत्रपती संभाजीनगरची गोष्ट तिसरीच: जायकवाडीसारखं मोठं धरण सुमारे ५० किलोमीटरवर असूनही शहराच्या कित्येक भागांत वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येत राहिलं. सोलापूरकरांना उजनी धरण भरूनही हेच अनुभवायला मिळालं. पाऊस किती पडतो यापेक्षा नळाला कधी आणि किती वेळ पाणी येतं हे विचारावं, आणि तेही घरमालकाला न विचारता शेजारच्या काकूंना.

पाण्याचा दुसरा धोका नको तेव्हा घरात येण्याचा. नदीकाठच्या गावी घर बघताना पूररेषा पाहणं आपल्याकडे अजून अंगवळणी पडलेलं नाही. जलसंपदा खात्याच्या नकाशांत निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षं ऐकून माणूस निर्धास्त होतो, पण ती संभाव्यता आहे. दोन पुरांमध्ये शंभर वर्षांचं अंतर राहील अशी हमी ती देत नाही. सांगली २००५ मध्ये बुडाली आणि पुन्हा २०१९ मध्ये. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीने २००५ नंतर जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत जे पाणी घुसवलं, त्यात शाळांचे कपाटभर दाखले आणि मुलांची पुस्तकं गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. तिथली मुलं पावसाळ्यात हे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगतात. ज्या गल्लीत घर बघताय तिथे ‘पाणी किती फुटांना येतं?’ असं विचारावं. जुनी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

“जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे नाइलाज”

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा पाहायला लांबून लोक येत. पण यावरून सगळ्या जिल्हा परिषद शाळा उत्तम, असं म्हणणंही तितकंच चुकीचं. तिथली शाळा मुख्यत्वे शिक्षकावर चालते आणि शिक्षकाची बदली होते. आज उत्तम चाललेली द्विशिक्षकी शाळा पुढल्या वर्षी वेगळी असू शकते. शिक्षक किती, वर्ग किती आणि त्यांपैकी कोणाची बदली तोंडावर आली आहे, हे शाळेतच कळतं. इंग्रजीची भीती मात्र उगाच: गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्ग आता तालुक्याच्या अनुदानित शाळांत आणि कित्येक जिल्हा परिषद शाळांतही आहेत.

नवोदयचा विचार असेल तर गाव-शहराची सीमा अक्षरशः रेषेसारखी वागते. सहावीच्या प्रवेशासाठी मूल त्याच जिल्ह्यात राहणारं आणि पाचवीत शिकणारं हवं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. चौथीच्या सुट्टीत पुण्याहून खेड्यात येऊन ग्रामीण कोटा मिळत नाही.

“गाव छोटं, म्हणजे मुलं मोकळी आणि सुरक्षित”

मोकळी असतात, हे खरं. कोल्हापुरात तालीम आणि फुटबॉल, सांगलीत नाटक, या गोष्टी मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात, आणि त्यासाठी शहर सोडणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण चालत जाण्याच्या त्या वाटेवर महामार्ग ओलांडावा लागतो का, हे शाळा सुटण्याच्या वेळी तिथे उभं राहूनच कळतं. शिवाय छोट्या गावांत आठवी-नववीची मुलं शिकवणीला सर्रास स्कूटी घेऊन जातात, पोलीसही ओळखीचे असतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत परवाना मिळत नाही.

“स्वतःचं घर घेतल्याशिवाय शाळेत अडतं”

अडत नाही. शाळाप्रवेशाला घराची मालकी लागत नाही. आरटीईच्या जागेसाठी मात्र पत्ता सिद्ध करावा लागतो आणि शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं. तिथे भाडेकरार चालतो, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अर्ज भरण्याच्या आधीचा आणि किमान ११ महिन्यांचा. नुसता स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेला करार तिथे धरत नाहीत, आणि हे बहुतेकांना अर्ज बाद झाल्यावर समजतं.