सावित्रीच्या खांद्यावरचा हात

आज ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा, वटसावित्रीचा पवित्र दिवस. बाळीवेशीपासून विजापूर वेशीपर्यंत सोलापूरच्या पेठापेठांतून सुवासिनी पूजेची तबके घेऊन वडाकडे निघाल्या असतील. त्याच वेळी याच शहरातील रुग्णालयांत कित्येक स्त्रिया आजारी पतीच्या उशाशी बसलेल्या असतील, आणि कित्येक पती पत्नीच्या. ज्यांची पावले आज वडापर्यंत पोहोचणार नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी युधिष्ठिरास सांगितली आहे. यमधर्मामागे चालत जाऊन पतीचे प्राण परत मिळविणारी सावित्री घराघरांत परिचित आहे. परंतु त्यापुढील प्रसंगाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सत्यवान जागा झाला तेव्हा अरण्यात रात्र पडली होती. सावित्रीने घाई केली नाही. ‘बरे वाटत नसेल तर विस्तव पेटवून रात्र येथेच काढू,’ असे तिने सुचविले. डोकेदुखी थांबली असे तो म्हणाला. आईवडिलांच्या काळजीने तो व्याकूळ झाला होता. तेव्हा तिने त्याला दोन्ही हातांनी उठविले, फळांची करंडी झाडाला टांगून ठेवली, त्याची कुऱ्हाड स्वतः घेतली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन, त्याला सावरीत ती आश्रमाकडे निघाली. प्राण परत मिळाले तरी घराची वाट चालावयाची उरतेच, हे महाभारतकारांनी विसरू दिलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस म्हणजे हीच वाट. एका ज्येष्ठात आमच्या पत्नीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाल्याचे ऐकून आम्ही निर्धास्त झालो. पण पाचव्या दिवशी ज्वर चढला, जखम चिघळली, अन्नावरची वासना उडाली. एरवी शांत असणारी ती पाण्याचा पेला पुढे केला तरी चिडू लागली आणि रात्री भिंतीकडे तोंड करून रडू लागली. आमच्याच सेवेत काही उणे पडते काय, या विचाराने आम्ही खचून गेलो. अशातच पौर्णिमा आली. तिने सकाळची पेज दूर सारली. ‘अहो, बावीस वर्षांत हे व्रत कधी मोडले नाही,’ एवढेच ती म्हणाली. पोटात अन्न गेल्यावाचून जखम भरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

त्या घडीला धर्मशास्त्रच आमच्या मदतीला आले. पाणी, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे शास्त्र सांगते. इतकेच नव्हे, तर असमर्थ पत्नीचे व्रत पतीने आणि पतीचे पत्नीने करावे, असे पैठीनसीचे वचन आहे. आम्ही खाटेपाशी उभे राहून म्हणालो, ‘आजचा तुझा उपवास मी करतो.’ ती क्षणभर पाहत राहिली. मग तिने वाटी ओठांना लावली. सायंकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला व्हरांड्यात चालविले. तिचा हात आमच्या खांद्यावर, आमच्या हातात तिच्या जखमेच्या नळीची पिशवी. जेमतेम बारा पावले झाली. सावित्रीने हाती घेतलेल्या कुऱ्हाडीचा अर्थ आम्हांला त्या दिवशी उमगला.

चरकसंहितेने वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे परिचारकाचे चार गुण. शुचिता म्हणजे साबणाने हात धुतल्यावाचून रुग्णाला स्पर्श न करणे. ज्ञान म्हणजे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मायेपोटीही घोट न पाजणे. तसेच, पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठते व छातीत कफ साठतो हे जाणून, ते सांगतील तेव्हा रुग्णास हळूहळू चालविणे. खोकताना पोटावर उशी धरली की टाके कमी दुखतात. दक्षता म्हणजे ज्वर, जखमेतील पू, एकाच पायावर आलेली सूज किंवा अचानक लागलेली धाप दिसताच विलंब न लावता डॉक्टरांना सांगणे. आणि अनुराग म्हणजे रुग्णाचा राग वेदनेचा आहे, आपल्यावरचा नव्हे, हे ओळखणे. मात्र परिचारकालाही झोप हवी. रात्रपाळी वाटून घेण्यास भावंडांना हाक मारण्यात कमीपणा नाही.

काही सोबती बारा पावलांत संपत नाहीत. मणक्याच्या विकारामुळे बाबा आमटे यांना बसणेही अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच उरले होते. १९४६ साली त्यांचा हात धरलेल्या साधनाताईंनी २००८ साली बाबांच्या निधनापर्यंत तो सोडला नाही. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘समिधा’ आहे.

आज वडाला सूत गुंडाळणाऱ्या भगिनींना आमचे वंदन. आणि जे आज खाटेपाशी बसून पेजेचा चमचा भरवीत आहेत, त्या पतिपत्नींनी व्रत चुकल्याची खंत मनात बाळगू नये. त्यांचे व्रत तेथेच चालू आहे. सावित्रीमातेच्या कृपेने त्यांची माणसे आपल्या पायांनी घराचा उंबरठा ओलांडोत.